हॅलोकाकांचे तीन प्रश्न

अन्याय झाला तो वामन तितरमारे याच्यावर. वय वीस, मुक्काम कुही, खेळ बॉक्सिंग. कधी झाला तेही नेमकं सांगतो, कारण अशा बाबतीत मोघम बोलणं म्हणजे अन्याय करणाऱ्याला बसायला खुर्ची देणं. गेल्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, नागपूरला धंतोलीच्या स्टेडियममध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, भर उजेडात. वामन हरला नव्हता. जिंकला होता. जे झालं ते जिंकल्यानंतर झालं, आणि ते होत असताना घराघरांत लोक हसत होते. हसणाऱ्यांत मी होतो. दुसऱ्यांची नावं छापण्याआधी पत्रक काढणाऱ्यानं आपलं नाव लिहावं, म्हणून हे आधीच लिहून टाकलं.

आमच्या गल्लीत न हसलेला माणूस एकच. तो टीव्हीकडे पाठ करून बसला होता.

हे त्याचं नेहमीचंच. गल्लीत टीव्ही एकट्या खानोरकर काकूंकडे. शनिवारी बॉक्सिंग असलं की त्यांची बैठक भरून जाते, दारातल्या चपलांना जागा उरत नाही. सगळे टीव्हीकडे तोंड करून, आणि हॅलोकाका आपली लाकडी खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून. समोर कॅलेंडर. हात गुडघ्यांवर. मागे ठोसे पडतात, लोक ओरडतात, काकू स्वतः "मार ना बाप्पा, पाहून काय राहिला!" म्हणून ओरडतात, आणि हा साठीचा माणूस कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडे बघत बसतो.

"गिरडकर," काकू विचारतात, "भिंतीवर काही वेगळा कार्यक्रम लागला का हो?"

"तुम्ही पाहा वं बाई. शेवटची घंटा झाली की मी येतो."

शेवटची घंटा होते. लोक चिवड्याकडे वळतात. आणि खर्रकन खुर्ची फिरते. काका खिशातून चष्मा काढतात, शाळेची दोनशे पानी वही काढतात, मनगटावरचं घड्याळ उतरवून मांडीवर ठेवतात. त्यांचा कार्यक्रम आता सुरू होणार असतो. तो म्हणजे बॉक्सरची मुलाखत.

केशवराव गिरडकर. एकेकाळी यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. एकोणीसशे साठच्या सुमाराला नागपूरपासून कामठीपर्यंत लग्न असो, सभा असो की कुस्ती, आधी यांचा आवाज यायचा, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", आणि मग बाकीचं व्हायचं. हॅलो हे नाव तेव्हाचं. पुढे एके दिवशी त्यांनी भोंगे विकले, दुकान बंद केलं आणि एका लाकडाच्या डेपोत कारकुनी धरली. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की त्यानंतर त्यांनी माइक हातात धरलेला नाही. एका गणपतीत मी स्वागतासाठी माइक त्यांच्यापुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. छडी चुकवणारं शाळेतलं पोर नेतं तसे. मला तो शिष्टपणा वाटला. मी त्यावर पत्रकच काढणार होतो, पण त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे त्यांचा नंबर लागला नाही.

तर ती वही. तिच्यात टीव्हीवरच्या मुलाखतकारांना गुण दिलेले असतात. दहापैकी. घंटा झाल्यावर किती सेकंदांत माइक तोंडाशी आला, हे पहिलं. बॉक्सरला त्याआधी पाणी मिळालं का, हे दुसरं. मुलाखतकारानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं की कॅमेऱ्यात, हे तिसरं. आणि शेवटचा रकाना फक्त 'कान' असा आहे. म्हणजे उत्तर ऐकलं का.

"दोन," काका जाहीर करतात.

"दोन कायचे दिले काका?"

"एक टायचा. एक इस्त्रीचा."

'आज कसं वाटतंय?' या प्रश्नाला ते प्रश्न मानत नाहीत. "हा भोंगा हाय गा. वाजवला की झालं." 'खूप आनंद झाला असेल ना?' याला तर शून्य. "उत्तर ह्यानंच देऊन टाकलं. पोट्टा आता 'हाव, झाला' नाही म्हणणार तं का करणार?" एकदा एका हरलेल्या बॉक्सरला मुलाखतकारानं विचारलं, कुठे चुकलं? त्या मुलाच्या भुवईतून रक्त येत होतं आणि तो मान हलवत नुसता उभा होता. काकांनी पेन्सिल ठेवून दिली. "दम घेऊ दे गा त्याले," ते टीव्हीला म्हणाले. "घंटा थांबली भाऊ, पण त्याच्या डोक्यातली अजून वाजून राहिली. तिले थांबू दे ना."

टीव्हीवाल्यांना ते पोस्टकार्डंही पाठवतात. 'आपला माणूस उत्तर ऐकत नाही, उत्तर संपण्याची वाट पाहतो. कृपया नोंद घ्यावी.' उत्तर कधी आलं नाही. मला याची चीड यायची. म्हणजे टीव्हीवाल्यांची नव्हे, काकांची. गल्लीत गटार तुंबलंय, रेशनला रॉकेल नाही, पोरं बी.ए. होऊन कट्ट्यावर बसलीत, आणि हा माणूस माइक किती सेकंदांत पुढे आला ते मोजतोय! मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"बरोबर हाय पत्रकराव," ते म्हणाले. मला ते पत्रकरावच म्हणतात. "तू मोठे प्रश्न विचार. मी लहान विचारतो."

आणि विचारायचे. तीनच, पण कोणालाही. एखाद्यावर काही आदळलं, चांगलं किंवा वाईट, की हॅलोकाका हजर. त्याला खाली बसवायचं, मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि विचारायचं, "तुहं नाव काय? गाव कोणतं? सकाळी काय खाल्लं?" मग गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

मी बी.ए.ला नापास झालो त्या दिवशी, भर चौकात, रोज पाहणाऱ्या या माणसानं मला माझं नाव विचारलं. शेजारच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, आणि हे बोहल्याशी जाऊन नवरदेवाला म्हणतात, सकाळी काय खाल्लं? उपाशी नवरदेवानं घाबरून खरं ते सांगितलं आणि वरमाईला तो टोमणा वाटला. वॉर्डाच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराकडे जाऊन त्यांनी नाव विचारलं, तेव्हा तर कहर झाला. "गिरडकर," तो गृहस्थ म्हणाला, "सारा वॉर्ड हेच विचारून राहिला महिनाभर! तुम्हीबी?"

गल्लीनं ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे. मीही.

आता शनिवारचं.

राज्याच्या स्पर्धा होत्या आणि त्या आमच्याच शहरात. मुंबईहून कॅमेऱ्याची गाडी आली होती, अंतिम लढती थेट दाखवणार होते. आमच्या भागातला पोरगा अंतिम फेरीत, म्हणून काकूंकडे उभं राहायला जागा नाही. तिसऱ्या फेरीत वामननं कानाजवळ एक जबरदस्त ठोसा खाल्ला, गुडघ्यात वाकला, पुन्हा उठला आणि शेवटच्या मिनिटात असा तुटून पडला की काकूंनी चिवड्याची परात वाजवली. घंटा. रेफ्रीनं वामनचा हात वर केला. खर्रकन खुर्ची फिरली.

माइक आला. काकांनी घड्याळ पाहिलं. "अकरा सेकंद," ते पुटपुटले.

मुलाखतकार निळ्या ब्लेझरमधला, पस्तिशीचा, गोरागोमटा. त्यानं वामनच्या घामेजल्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "वामन, आज कसं वाटतंय?"

वामननं माइककडे पाहिलं. "धान कापाचं हाय," तो म्हणाला.

आणि हशा. स्टेडियममध्ये हशा, बैठकीत हशा. मुलाखतकार तर फुलून गेला. "बघा प्रेक्षकहो! एवढा मोठा विजय, आणि मन मात्र शेतात! वामन, हा विजय तुम्ही कोणाला अर्पण कराल?"

"धान कापाचं हाय जी."

आता काकूंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "किती भोळा पोट्टा वं माय!" मी हसत होतो आणि त्याच वेळी डोक्यात मजकूर जुळवत होतो. शेतमजुराच्या पोरानं टीव्हीवाल्यांना दिलेली चपराक, वगैरे. मुलाखतकारानं तिसऱ्यांदा विचारलं, कारण दोनदा हशा मिळाला होता. "मग, कधी कापणार धान?"

वामन नुसता हसला. अर्ध्याच तोंडानं.

"पत्रकराव," काकांचा आवाज आला. "होळी होऊन किती दिवस झाले?"

"झाले असतील पंधरा."

"मंग धान कोणतं?"

मला कळलं नाही. काका उभे राहिले होते. वही खाली पडली होती.

"धान दिवाळीच्या टायमाले कापतेत गा. आता कुहीत धानाच्या बांध्यांले भेगा पडल्या. कोणतं धान कापून राहिला तो?" बैठक अजून हसत होती. "काहून हसून राहिले तुम्ही? तो इथं नाही! तो कार्तिकात उभा हाय! सायकल काढ."

मी सायकल काढली. वजनदार माणूस कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, एका हातानं माझा सदरा धरून. आमच्या गल्लीतून स्टेडियम दहा मिनिटांवर. रस्त्यात प्रत्येक पानठेल्याच्या रेडिओवर स्टेडियममधलंच थेट प्रक्षेपण, प्रत्येक ठेल्यावर लोक एकमेकांना ते वाक्य म्हणून दाखवत होते. धान कापाचं हाय जी! चढ लागला तशी माझी छाती फुटायला आली. मागून काका काही सांगत नव्हते. नुसतं एकच वाक्य, पाठीवर, पुन्हा पुन्हा: "दम घेऊ द्या त्याले. दम घेऊ द्या त्याले." मला नव्हते घेऊ देत.

फाटकावर एक बिल्लेवाला स्वयंसेवक. "पास?"

"पास नाही. पोट्टा खलास होऊन राहिला आतमधी."

"कोणता पोट्टा?"

"जिंकलेला."

तो हसला. "जिंकलेला कसा खलास होईल हो काका? आता तं हार पडून राहिले त्याले."

मी आवाज चढवला. नागरिकांचे हक्क वगैरे सुरू केलं. सहा पंचवीस झाले होते. आतून बँडचा आवाज येत होता. मी त्या स्वयंसेवकाची कॉलर धरणार, तेवढ्यात पाहिलं तर काका माझ्याजवळ नव्हते. फाटकालगत टिनाच्या शेडखाली लाऊडस्पीकरचं टेबल होतं. बक्षिसांची नावं तिथून पुकारत होते. काका त्या टेबलासमोर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे.

तसे ते किती वेळ उभे राहिले कोणास ठाऊक. मला तो फार वाटला. मग एक हात पुढे आला आणि त्यानं ऑपरेटरच्या हातातून माइक घेतला. भोंग्यातून खडखड ऐकू आली.

"हॅलो," काका म्हणाले.

सगळ्या स्टेडियमवर तो शब्द पसरला. बँड थांबला.

"हॅलो. वामन तितरमारे जिथं असन तिथं त्याले खाली बसवा. गळ्यातले हार काढा. त्याले कोणी उभं करू नका, कोणी नाचवू नका. आणि कोणीबी त्याले काही विचारू नका. मी येऊन राहिलो."

स्वयंसेवकानं आम्हाला अडवलं नाही.

वामन कॅमेऱ्याच्या गाडीमागे खुर्चीवर होता. गळ्यात पाच हार. समोर दिवा लावलेला. मघाच्या मुलाखतीत हार नव्हते म्हणून ती परत घेत होते. ब्लेझरवाला माइक धरून तयार, वामनचा कोच बाजूला. "थकला हाय जी," कोच म्हणाला, "बाकी काही नाही." काकांनी हार काढले, एकेक करून, आणि कोचच्या हातात दिले. गुडघ्यांवर बसले. मनगटावर दोन बोटं ठेवली.

"तुहं नाव काय?"

"वामन."

कोच म्हणाला, "पाहा, बरोबर सांगून राहिला."

"गाव कोणतं?"

"कुही."

"सकाळी काय खाल्लं?"

वामन विचार करू लागला. मी कोणाला असा विचार करताना पाहिलेलं नाही. जसं कोणी विहिरीत दोर सोडतंय आणि तो तळाला लागतच नाही. ब्लेझरवाला तोंड उघडणार, तर काकांनी मागे न पाहता हात वर केला. शेवटी वामन समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "माय वाढून राहिली."

काकांनी त्याचा चेहरा दिव्याकडे वळवला. मलाही दिसलं. एका डोळ्याची बाहुली मोठी होती. तेवढ्यात तो ओकला.

स्पर्धेचे डॉक्टर व्यासपीठावर पाहुण्यांत बसले होते. अॅम्ब्युलन्स नव्हती. "गाडी!" काका ओरडले, आणि मी कबूल करतो, ब्लेझरवाल्यानं क्षणही घालवला नाही. त्यानं स्वतःच्या हातांनी गाडीतल्या तारांची वेटोळी बाहेर फेकली, दोन पेट्या ढकलून दिल्या आणि आम्ही वामनला आत आडवं केलं. धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, दोन गल्ल्या सोडून मेंदूचे डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी डोळ्यांवर मारली, कोचला चार प्रश्न विचारले आणि वामनला आत घेऊन गेले. जाताना म्हणाले, "डोक्यात रक्त साचतंय. कोणाच्या लक्षात आलं हे?" कोचनं काकांकडे बोट केलं. "अजून अर्धा तास गेला असता तर," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मग व्हरांड्यात आम्ही तिघं. कोच कुहीला निरोप धाडायला गेला होता. समोरच्या बाकावर ब्लेझरवाला. माइकची तार अजून त्याच्या गळ्यात. माझ्या तोंडाला जे आलं ते मी त्याला ऐकवलं. तुम्ही लोकांच्या पोरांचा तमाशा करता, तुम्हाला माणूस नको, हशा हवा, एक मरतोय आणि तुम्ही त्याला हार घालून परत उभा करता. सगळं खरं होतं. त्यातला एक शब्द मी आज मागे घेत नाही.

"चूप बस, पत्रकराव," काका म्हणाले. "त्याचे हात पाह्य."

ब्लेझरवाल्याचे हात मांडीवर होते आणि उडत होते, जसे ते त्याचे नव्हतेच. काका उठून त्याच्या शेजारी बसले. मनगटावर दोन बोटं.

"तुहं नाव काय?"

माझा संताप झाला. यालाही?

"सतीश," तो म्हणाला.

"गाव कोणतं?"

"सातारा... म्हणजे आता मुंबई."

"सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही. लाइव्ह होतं ना. जमलं नाही." आणि तो पस्तिशीचा माणूस तोंडाला बाही लावून रडायला लागला. काका खाली जाऊन चहा आणि दोन पाव घेऊन आले. त्याच्या हातात कप देताना म्हणाले, "मीबी असाच उभा होतो भाऊ. तुह्याच जागी. तुह्यासारखाच." मी विचारलं, कुठे उभे होतात? काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

ऑपरेशन झालं. वामन जगला, पण शुद्धीवर आला नव्हता. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा काका त्याच्या खाटेशी त्याच कपड्यांत बसलेले. वामनची माय पोचायची होती.

"एक काम कर पत्रकराव. मले इथून हलता येत नाही. हा उठला की कोणीतरी विचारलं पाहिजे. तू कन्हानले जा. पुलाच्या अलीकडे टिनाचं घर हाय, बाहेर बाज. शंकर म्हणून हाय तथी. तीन प्रश्न विचार त्याले. तिसऱ्याले वेळ लागते. घाई करू नको."

मी गेलो. बाजेवर एक रुंद खांद्यांचा माणूस बसला होता, पंचेचाळिशीचा, केस नीट विंचरलेले, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. त्याची बहीण, सीताबाई, तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. गिरडकरांनी पाठवलं म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"बिमार हाय का ते?"

"नाही. दवाखान्यात आहेत, दुसऱ्यासाठी."

"अजून एक?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात काही मीठमसाला नव्हता, तुमच्यासाठी मीही घालत नाही. शंकर बॉक्सर होता. कामठीला मोठी लढत झाली, त्यानं ती जिंकली. तेव्हा टीव्ही नव्हता, लाऊडस्पीकर होता, आणि लाऊडस्पीकरवाला जिंकणाऱ्याच्या तोंडाशी माइक धरून पब्लिकला ऐकवत असे. त्यानं विचारलं, कसं वाटून राहिलं? शंकर म्हणाला, बैल सुटला. लोक हसले. त्यानं परत विचारलं. बैल सुटला. लोक आणखी हसले. असं चार वेळा. चौथ्यांदा लोकांनी टोप्या उडवल्या, आणि शंकर माइकची तार धरून खाली पडला. वाचला, पण तेव्हापासून हा असा.

"दुसऱ्याच दिवशी गिरडकरानं भोंगे विकले म्हणते. आणि रविवारी दारात. पहिले पहिले मी दार लावून घेत होती. शिव्या देत होती. तो बाहेर ओट्यावर बसे आणि बाहेरूनच विचारे, नाव काय, गाव कोणतं. आतून शंकर उत्तर दे." तिनं सूप परत उचललं. "मंग कायले लावू दार?"

मी शंकरसमोर बसलो. मनगटावर बोटं ठेवली. मला ते फार विचित्र वाटलं.

"तुमचं नाव काय?"

"शंकर."

"गाव कोणतं?"

"कन्हान."

"सकाळी काय खाल्लं?"

वेळ लागला. पुलावरून एक मालगाडी पूर्ण गेली. मी सवयीनं घड्याळ पाहणार होतो, पण त्यावर दुसरा हात ठेवला. भाषणात, मोर्चात, पत्रकात मी कधी एवढा वेळ कोणाच्या उत्तरासाठी थांबलो नव्हतो. शंकरच्या कपाळावर घाम आला.

"भाकर," तो म्हणाला. मग, "चटणी." आणि हसला. अर्ध्याच तोंडानं.

मी उठू लागलो. त्यानं माझंच मनगट धरून ठेवलं. तो माझ्या मागे, सायकलीच्या रिकाम्या कॅरिअरकडे बघत होता.

"हॅलो," तो म्हणाला. "नाही आला."

"नाही. पुढल्या रविवारी येतील."

सीताबाईचे हात थांबले होते.

"त्यानं," शंकर म्हणाला, "खाल्लं का?"

मला ठाऊक नव्हतं. शनिवारची सगळी संध्याकाळ मी त्या माणसाबरोबर होतो. त्यानं चहा आणि पाव आणले, ते दोन्ही दुसऱ्याला दिले, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. सहा वर्षांत त्यानं मला कितीदा विचारलं असेल. मी एकदाही नाही. गल्लीनंही नाही.

परत येताना मी सीताबाईनं बांधून दिलेली भाकर घेऊन आलो. काका तिथेच होते. वामन अजून झोपलेला. मी समोर बसलो, त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"काका, तुमचं नाव काय?"

"काहून टिंगल करून राहिला?"

"नाव काय?"

"केशव," ते म्हणाले.

"गाव कोणतं?"

"नागपूर."

"सकाळी काय खाल्लं?"

हॅलोकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना शंकरपेक्षा जास्त वेळ लागला. मी थांबलो.

त्याच दुपारी वामन शुद्धीवर आला. त्यानं नाव सांगितलं. संध्याकाळी गाव सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो आज चार दिवस शोधतो आहे. त्याची माय उशाशी बसते, काका पायथ्याशी. डॉक्टर म्हणतात, येईल, पण कोणी तरी विचारत राहिलं पाहिजे.

या पत्रकात मी आधी अकरा मागण्या लिहिल्या होत्या. सगळ्या टीव्हीवाल्यांकडे आणि सरकारकडे. त्या मी करणारच आहे, वेगळ्या कागदावर. ही मागणी तुमच्याकडे आहे. त्या शनिवारी तुम्ही हसलात. पानठेल्यावर ते वाक्य म्हणून दाखवलंत. तर धंतोलीला या. एकेकानं या, हार आणू नका. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. गुडघ्यांवर बसा, त्याच्या डोळ्यांत पाहा आणि सकाळी काय खाल्लं ते विचारा. मग गप्प बसा. उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. आणि जाताना पायथ्याशी बसलेल्या म्हाताऱ्यालाही विचारा.